सिकलसेलपासून स्वमग्नतेपर्यंत : जनुकनियमनाच्या इतिहासाची एक नागपुरी वाट

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा मार्गाला समांतर जाणाऱ्या लोहमार्गाच्या पूर्वेस मनीषनगर ही वस्ती पसरलेली आहे. सोमलवाडा, बेसा, बेलतरोडी या जुन्या गावांच्या शेजारी एकामागून एक ले-आउट पडत जाऊन हा भाग शहरात मिसळला. रेल्वे फाटकावरची कोंडी हीच ज्याची दीर्घकाळ ओळख होती, त्या मनीषनगरला वर्धा मार्गाशी जोडणारा उड्डाणपूल नोव्हेंबर २०२० मध्ये खुला झाला. या वस्तीच्या उत्तरेला १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे नागपूरकरांचे ‘मेडिकल’, आणि दक्षिणेला मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे ‘एम्स’, अशी दोन मोठी सार्वजनिक रुग्णालये आहेत. या दोन रुग्णालयांच्या दरम्यान राहणाऱ्या विदर्भातील कुटुंबांच्या कानांवर मुलांच्या आरोग्यासंबंधी जी निदाने पडतात, त्यांपैकी सिकलसेल हे जुने आणि परिचित आहे, तर स्वमग्नता किंवा ऑटिझम हे अलीकडचे आणि अजूनही अनेकांना अनाकलनीय वाटणारे आहे. एक रक्ताचा आजार आणि दुसरी मेंदूच्या विकासातील भिन्नता. सिकलसेलमुळे स्वमग्नता येत नाही आणि स्वमग्नतेमुळे सिकलसेल होत नाही. तरीही जनुक केव्हा, कुठे आणि किती प्रमाणात कामाला लागते या प्रश्नाचा, म्हणजे जनुकनियमनाचा, इतिहास पाहू लागले की हे दोन आजार एकाच वाटेवर भेटतात, आणि त्या वाटेचा एक महत्त्वाचा टप्पा नागपूरच्या प्रयोगशाळांमधून गेलेला आहे.

सिकलसेलचे पहिले शास्त्रीय वर्णन १९१० साली शिकागो येथील जेम्स हेरिक यांनी केले. एका तरुण रुग्णाच्या रक्तात त्यांना विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या होत्या. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतच असलेला दोष आहे असे दाखवून ‘रेणवीय आजार’ ही कल्पनाच वैद्यकाला दिली, आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका कोठे आहे हे शोधले : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, बाकी सारे जसेच्या तसे राहते. जनुकाच्या लिखाणातील एक अक्षर बदलते, त्यामुळे प्रथिनातील एक घटक बदलतो आणि त्यातून आजन्म वेदना निर्माण होते, अशी सरळ कार्यकारणाची साखळी वैद्यकाच्या हाती प्रथमच आली होती.

भारतात हा गुणधर्म १९५२ साली निलगिरीतील आदिवासी समूहांत हर्मन लेहमान आणि मेरी कटबुश यांना आढळला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपूरच्या आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेल गुणधर्मावरील लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि विदर्भाचे नाव या आजाराच्या नकाशावर कायमचे उमटले. नागपूरचे मध्य प्रदेशाच्या राजधानीचे स्थान त्या वेळी नुकतेच गेले होते, ते मुंबई राज्यात सामील झाले होते, आणि मेडिकल कॉलेज अवघे अकरा वर्षांचे होते. अशा नव्या संस्थेतील संशोधकांनी आपल्याच भागातील रुग्णांच्या रक्ताकडे बारकाईने पाहिले, याचे मोल मोठे आहे. पुढील दशकांत पुण्याच्या डॉ. श. ल. काटे यांनी महाराष्ट्रभर केलेल्या पाहण्यांतून भिल्ल, माडिया, पावरा, परधान, ओतकर या समूहांत हा गुणधर्म २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळत असल्याचे पुढे आले. अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आहे हे विदर्भातील डॉक्टरांना ठाऊक होते.

या पाहण्यांची मांडणी जातींच्या आणि जमातींच्या रकान्यांतून झाली, आणि तिचा परिणाम केवळ शास्त्रीय राहिला नाही. वाहक असणे, म्हणजे दोनपैकी एकाच पालकाकडून बदललेले जनुक मिळणे, यात आजार नसतो; हिवतापाच्या प्रदेशात तर अशा वाहकांना संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवले होते. तरीही आजार अमुक समाजांचा असे एकदा ठरले की इतरांना त्याची काळजी वाटेनाशी होते, आणि ज्यांचा तो ठरला त्यांच्या लग्नसंबंधांत ‘एएस पॅटर्न’ (वाहक) की ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हा प्रश्न कलंकासारखा चिकटून बसतो. नवजात बालकांची तपासणी, स्वस्त औषध आणि नियमित उपचार या साध्या गोष्टी विदर्भातील मुलांपर्यंत पोहोचण्यास शोधानंतर अर्धशतक लागले, त्यामागे ज्ञानाचा अभाव हे कारण नव्हते. ज्यांची मुले आजारी होती त्यांचा आवाज क्षीण होता हे कारण होते. संपत रामटेके यांच्यासारख्या नागपूरच्या कार्यकर्त्यांनी हा आवाज संघटित केला, म्हणून या इतिहासात त्यांचे स्थान संशोधकांच्या शेजारी आहे.

एका अक्षराच्या या आजारात एक कोडे मात्र प्रारंभापासून होते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ सालीच नोंदवले होते की नवजात बाळांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी फारच थोड्या दिसतात, आणि याचे कारण त्यांच्या रक्तातील गर्भकालीन हिमोग्लोबिन असावे. गर्भात असताना बाळाचे शरीर गॅमा साखळीचे हिमोग्लोबिन बनवते. जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत गॅमा जनुक मंदावते आणि बीटा जनुक जोर धरते. बदललेले अक्षर बीटा जनुकात असल्यामुळे हा पालट होईपर्यंत बाळ सुखरूप राहते, आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास हातापायांना सूज, ताप, रडणे सुरू होते. अक्षर तर गर्भधारणेपासून तेच होते; फक्त ते वाचले जाण्याची वेळ नंतर आली.

हेच कोडे भूगोलातही दिसले. सौदी अरबस्तानच्या पूर्व भागातील आणि ओडिशातील अनेक रुग्णांचा आजार आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी रुग्णांपेक्षा सौम्य होता, कारण त्यांच्या रक्तात गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण मोठेपणीही अधिक टिकून होते. १९८६ मध्ये अँड्रियास कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी भारतातील आणि पूर्व अरबस्तानातील सिकल जनुकाच्या अवतीभवतीचा गुणसूत्राचा तुकडा आफ्रिकेतील तुकड्यांहून वेगळा असल्याचे दाखवले. या ‘अरब-भारतीय’ तुकड्यात गॅमा जनुकाच्या थोडे आधी एक लहानसा बदल असतो, आणि रक्तक्षयाच्या ताणाखाली तो गॅमा जनुकाला अधिक काळ कार्यरत ठेवतो. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की हा बदल कोणत्याही प्रथिनाचे लिखाण बदलत नाही. तो केवळ शेजारच्या जनुकाचे प्रमाण बदलतो. मात्र यावरून भारतातील आजार सरसकट सौम्य असतो असे जे मानले गेले, ते नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांच्या अनुभवाला पटणारे नव्हते. डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून विदर्भातील अनेक मुलांना तीव्र वेदनांचे झटके, वारंवार रक्त देण्याची गरज आणि गंभीर संसर्ग यांना तोंड द्यावे लागते हे स्पष्ट झाले, आणि हायड्रॉक्सियुरिया हे गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवणारे औषध कमी मात्रेतही या मुलांना उपयोगी पडते हे त्यांनी दाखवले. गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवणे म्हणजे मंदावलेल्या जनुकाला पुन्हा जागे करणे; त्या अर्थाने विदर्भातील शासकीय दवाखान्यात मिळणारी ही गोळी जनुकनियमनावरचाच उपचार आहे.

नागपूरभोवतीच्या संत्राबागायतदाराला या कल्पनेचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. झाड तेच, माती तीच. पाणी तोडून झाडाला ताण कधी दिला आणि कधी सोडला यावर आंबिया बहार येणार की मृग हे ठरते. झाडात काय आहे याइतकेच, ते केव्हा फुलवले जाते यालाही महत्त्व असते. माणसाच्या आजारांच्या अभ्यासात हे पुरते उमगायला मात्र बराच काळ जावा लागला.

स्वमग्नतेचा इतिहास या काळात अगदी वेगळ्या दिशेने चालला होता. मॉस्कोतील ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५ साली अशा मुलांचे बारकाईने वर्णन केले, परंतु ते पश्चिमेत दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९४३ मध्ये बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरील आपला लेख प्रसिद्ध केला आणि पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांचे लेखन आले. १९४४ मध्येच दार्जिलिंगमध्ये काम करणारे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ ए. रोनाल्ड यांनीही भारतात अशा मुलांविषयी लिहिले होते. कॅनर यांनी पहिल्या लेखात ही भिन्नता जन्मजात असल्याचे म्हटले होते, परंतु पुढे त्यांचा भर पालकांच्या थंड स्वभावावर गेला, आणि ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने तर आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. हा आधुनिक बालमनोविकारशास्त्रातील सर्वांत क्रूर अध्याय म्हटला पाहिजे, कारण जे मूल आईकडे पाहत नाही त्याचे दुःख सोसणाऱ्या आईवरच त्या दुःखाचे कारण लादले गेले. बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ मध्येच या मताला शास्त्रीय आव्हान दिले होते. निर्णायक धक्का १९७७ मध्ये सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांच्या जुळ्यांच्या अभ्यासाने दिला. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती, तर दोन बीजांपासून झालेल्या दहा जोड्यांत असे एकही उदाहरण नव्हते. संख्या लहान होती, पण दिशा स्पष्ट होती : मूळ आनुवंशिकतेत आहे.

मग प्रश्न आला, कोणते जनुक? सिकलसेलने घालून दिलेला आदर्श डोळ्यांपुढे असल्यामुळे एक जनुक, एक चूक, एक आजार असेच उत्तर मिळेल अशी अपेक्षा होती. ते मिळाले नाही. भारतात तर हा प्रश्न विचारण्याआधी ही मुले ओळखली जाणेच अवघड होते. त्यांच्यावर मतिमंदत्वाचा किंवा वेडाचा शिक्का बसे. १९९१ मध्ये मेरी बरुआ यांनी दिल्लीत ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू केली आणि २००१ मध्ये मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र उभारले, तेव्हा कोठे निदान आणि प्रशिक्षण यांना देशात आकार आला. ही शहरी, सुशिक्षित कुटुंबांतील मुलांची व्यथा आहे हा समजही दीर्घकाळ टिकला, कारण दवाखान्यापर्यंत तीच कुटुंबे पोहोचत होती. कांगडा, पलवल, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी घरोघरी जाऊन दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि स्वमग्न मुले डोंगराळ व ग्रामीण भागांतही आहेत हे त्यातून दिसले. सिकलसेल ‘त्यांचा’ आणि ऑटिझम ‘आपला’ अशी जी वर्गवारी समाजाने नकळत केली होती, तिचा पाया शास्त्रात नव्हता. कोण कोणत्या दारापर्यंत पोहोचतो एवढाच तो होता.

जनुकनियमनाच्या अभ्यासाला कलाटणी देणारा शोध मात्र यांपैकी कोणत्याही आजाराच्या शोधात लागला नाही. मातीत राहणारा, सुमारे एक मिलिमीटर लांबीचा सीनोरॅब्डायटिस एलिगन्स हा सूत्रकृमी अंड्यातून प्रौढावस्थेत कसा जातो, याचा अभ्यास अमेरिकेतील व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन करत होते. ‘लिन-४’ नावाच्या जनुकात बिघाड झाला की या कृमीच्या वाढीचे वेळापत्रक कोलमडत असे. १९९३ मध्ये दोघांच्या प्रयोगशाळांनी एकाच वेळी प्रसिद्ध केलेल्या लेखांतून असे दिसले की लिन-४ कोणतेही प्रथिन बनवतच नाही; ते केवळ बावीस अक्षरांचा आरएनएचा एक लहानसा तुकडा बनवते.

या तुकड्याचे काम समजण्यासाठी मूळ प्रक्रिया लक्षात घ्यावी लागते. जनुक हे डीएनएत लिहिलेले असते. त्याची एक प्रत आरएनएच्या रूपात निघते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात, आणि तिच्यावरून पेशी प्रथिन बनवते. सूक्ष्म आरएनए, म्हणजेच मायक्रोआरएनए, या प्रतीच्या शेवटच्या भागातील जुळणाऱ्या अक्षरांना चिकटतो, आणि मग त्या प्रतीवरून प्रथिन बनणे थांबते किंवा प्रतच नष्ट केली जाते. हा तुकडा सुरुवातीला लांब, स्वतःवर दुमडलेल्या स्वरूपात तयार होतो. पेशीकेंद्रात ड्रोशा आणि डीजीसीआर८ ही प्रथिने त्याची पहिली काटछाट करतात, केंद्राबाहेर डायसर दुसरी करते, आणि शेवटी आर्गोनॉट या प्रथिनाच्या आधाराने तो आपल्या लक्ष्यापर्यंत पोहोचतो. एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांच्या प्रतींवर असा अंकुश ठेवू शकतो, आणि माणसाच्या प्रथिने बनवणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुकांवर अशा तुकड्यांसाठी जपल्या गेलेल्या जागा आहेत.

सात वर्षे हा प्रकार कृमीपुरताच मानला गेला. २००० साली रुव्हकुन यांच्या गटाने ‘लेट-७’ हा दुसरा मायक्रोआरएनए वर्णिला, आणि तो माणसासह असंख्य प्राण्यांत अक्षरशः जसाच्या तसा आढळला. तेव्हा जीवशास्त्राला कळले की कोट्यवधी वर्षे टिकलेली ही व्यवस्था इतके दिवस नजरेआड राहिली होती. अँब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. लिन-४ आणि लेट-७ ही दोन्ही नियामक जनुके वाढीच्या एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याची वेळ ठरवतात, ही गोष्ट पुढील कथेसाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

स्वमग्नतेशी या नियमनाचा संबंध दोन बाजूंनी उलगडत गेला. पहिली बाजू होती ज्यांचे कारण ठाऊक आहे अशा दुर्मीळ विकारांची. १९९१ मध्ये नाजूक एक्स विकाराचे जनुक सापडले. या विकारात एक्स गुणसूत्रावरील तीन अक्षरांची पुनरावृत्ती दोनशेहून अधिक वेळा होते आणि त्यामुळे जनुक बंद पडते. अशा अनेक मुलांत स्वमग्नतेची लक्षणे असतात. या जनुकाचे प्रथिन मज्जापेशींच्या सांध्यांजवळ प्रथिननिर्मितीवर लगाम ठेवते, आणि ते मायक्रोआरएनएच्या यंत्रणेशी हातमिळवणी करून काम करते हे २००२ ते २००४ या काळात माश्यांवरील आणि सस्तन प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले. १९९९ मध्ये हुदा झोग्बी यांच्या गटाने रेट विकाराचे कारण असलेले एमईसीपी२ हे जनुक ओळखले. त्याचे प्रथिन इतर जनुकांच्या वाचनावर नियंत्रण ठेवते. ते कमी पडले तर मुलीचे बोलणे आणि हातांचा हेतुपूर्ण वापर हरपतो, आणि ते दुप्पट झाले तरीही गंभीर विकार होतो. २००७ मध्ये अ‍ॅड्रियन बर्ड यांच्या प्रयोगशाळेने हे जनुक उंदरांत पुन्हा सुरू करून प्रौढ वयातही लक्षणे मागे हटवली. मेंदू कायमचा मोडलेला नसतो, योग्य प्रमाण परत मिळाले तर तो सावरू शकतो, असा या प्रयोगाचा अर्थ होता, आणि असंख्य पालकांसाठी तो उपचार हाती येण्यापूर्वीच धीर देणारा ठरला. बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळाल्याने होणाऱ्या विकारातही हाच धागा दिसतो, कारण त्या तुकड्यात वर उल्लेखिलेले डीजीसीआर८ जनुक असते. २००८ मध्ये अशा उंदरांच्या मेंदूत मायक्रोआरएनएची निर्मितीच बिघडल्याचे आढळले.

दुसरी बाजू होती मेंदूच्या ऊतींच्या थेट तपासणीची. २००८ मध्ये स्वमग्न असलेल्या तेरा मृत व्यक्तींच्या अनुमस्तिष्कातील ४६६ मायक्रोआरएनए तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी २८ मायक्रोआरएनएचे प्रमाण निदान एका व्यक्तीत तरी इतरांहून वेगळे आढळले. २०१६ मध्ये डॅनियल गेशविंड यांच्या गटाने अधिक मोठ्या संख्येवर असा अभ्यास करून मेंदूच्या बाह्यकातील विशिष्ट मायक्रोआरएनएचे गट आणि स्वमग्नतेशी निगडित जनुके यांच्यातील दुवे दाखवले. या अभ्यासांचे महत्त्व मान्य करतानाही एक मर्यादा स्पष्ट सांगणे आवश्यक आहे : मृत्यूनंतर मिळालेल्या ऊतीत जे वेगळेपण दिसते ते कारण आहे, परिणाम आहे की आयुष्यभराच्या औषधांची खूण आहे, हे केवळ त्या ऊतीवरून ठरत नाही. रक्तातील किंवा लाळेतील मायक्रोआरएनए मोजून स्वमग्नतेचे निदान करण्याचे प्रयत्न झाले आहेत, परंतु निदान आजही मुलाचे वागणे, बोलणे आणि खेळणे पाहूनच केले जाते.

कारण आणि परिणाम वेगळे करण्याचे काम जनुकांच्या मोठ्या गणनेने अधिक खात्रीने केले, कारण जन्मतः असलेला बदल हा आजाराचा परिणाम असू शकत नाही. ३५,५८४ व्यक्तींच्या जनुकांवर आधारलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात स्वमग्नतेशी निगडित १०२ जनुके निश्चित करण्यात आली. त्यांपैकी ५८ जनुके, म्हणजे निम्म्याहून अधिक, इतर जनुकांच्या नियमनाशी संबंधित आहेत. मज्जापेशींमधील संवादाशी संबंधित जनुके २४ आहेत. स्वमग्नतेचे ‘जनुक’ शोधण्यासाठी निघालेल्या शास्त्राला अशा रीतीने जनुकांवर देखरेख करणाऱ्या जनुकांची एक मोठी सभाच सापडली.

त्या सभेतील एक सदस्य म्हणजे बीसीएल११ए, आणि येथे नागपूरची वाट पुन्हा समोर येते. काही प्रौढ माणसांत गर्भकालीन हिमोग्लोबिन अधिक का राहते याचा शोध घेताना २००७-०८ मध्ये युरोपातील आणि अमेरिकेतील अभ्यासकांना दुसऱ्या गुणसूत्रावरील या जनुकाचा माग लागला. २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी दाखवले की जन्मानंतर गॅमा जनुकाला गप्प बसवणारे प्रथिन हेच आहे. २०११ मध्ये उंदरांच्या तांबड्या पेशींतून ते काढून टाकताच सिकलसेलची लक्षणे दूर झाली. जॅनेट वॉटसन यांच्या कोड्याचे उत्तर साठ वर्षांनी मिळाले होते. मायक्रोआरएनएही या पालटात सामील आहेत. नवजात बाळाच्या तुलनेत प्रौढाच्या रक्तपेशींत लेट-७ कुटुंबाचे प्रमाण अधिक असते, आणि त्याला दाबणारे लिन२८बी हे प्रथिन वाढवले की गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढते. लिन२८बी यासाठी बीसीएल११एच्या संदेशवाहक आरएनएवर थेटही काम करते हे पुढे २०२० मध्ये कळले. कृमीच्या वाढीचे घड्याळ चालवणारे जुने भागीदार माणसाच्या अस्थिमज्जेतही त्याच कामावर होते.

मग बीसीएल११ए सरळ बंदच का करू नये? या प्रश्नाचे उत्तर काही मुलांच्या तपासणीतून आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुसऱ्या गुणसूत्राचा बीसीएल११ए असलेला लहान तुकडा जन्मतः नसलेल्या तीन रुग्णांचे वर्णन होते. त्यांच्या रक्तात गर्भकालीन हिमोग्लोबिन मोठ्या प्रमाणात टिकून होते, आणि त्यांना विकासातील विलंबाबरोबर स्वमग्नतेची लक्षणे होती. पुढच्याच वर्षी केवळ या एका जनुकातील बदलांमुळे बौद्धिक अक्षमता येते हे सिद्ध झाले. जे प्रथिन अस्थिमज्जेत हिमोग्लोबिनचा पालट घडवते, तेच गर्भातील मेंदूत मज्जापेशींच्या घडणीसाठी लागते. एका जागी त्याची अनुपस्थिती हितकारक आणि दुसऱ्या जागी घातक ठरते.

सुटकेची वाट पुन्हा नियमनानेच दाखवली. २०१३ मध्ये डॅनियल बावर आणि ऑर्किन यांच्या गटाला या जनुकाच्या आतच असा एक नियंत्रक भाग सापडला, की जो फक्त तांबड्या पेशींच्या पूर्वजांत ते जनुक चालू ठेवतो. तेवढाच भाग कात्रीने कापल्यासारखा निकामी करणारा ‘कॅसजेव्ही’ हा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. बोस्टनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये आणखी एक मार्ग दाखवला : मायक्रोआरएनएच्या सांगाड्यात बसवलेला कृत्रिम तुकडा रुग्णाच्या मूलपेशींत घालून केवळ तांबड्या पेशींतच बीसीएल११ए दाबायचे. कॅसजेव्हीची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर आहे. गोंदिया-गडचिरोलीच्या गावांतून बसने मेडिकलला येणाऱ्या कुटुंबासाठी हा आकडा अर्थशून्य आहे, आणि ज्या जनसमूहांच्या रक्ताने हे ज्ञान घडवण्यास हातभार लावला त्यांच्यापर्यंत ते पोहोचवणे ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे, असे म्हणण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीनंतरच्या उपचारांवर तिचे यश मोजावे लागेल.

दोन्ही आजारांत दिसणारा काळाचा अवधी हा समाजाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक विषय आहे. सिकलसेलचे बाळ सहा महिने हसतेखेळते असते. स्वमग्न मुलांपैकी काही दीड वर्षाच्या सुमारास बोललेले शब्दही गमावतात. मूळ कारण आधीचे आणि प्रकटीकरण नंतरचे असल्यामुळे त्या दरम्यान जे काही घडले असेल त्यावर संशय जातो : दृष्ट, पथ्य, आईचे नोकरीवर जाणे, लस. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला गोवर-गालगुंड-रुबेला लसीवर ठपका ठेवणारा लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी संशय विरला नाही. स्वमग्नतेशी निगडित अनेक जनुके गर्भावस्थेच्या मध्यावर, मेंदूचे बाह्यक घडत असताना सर्वाधिक सक्रिय असतात हे २०१३ च्या अभ्यासांतून पुढे आले आहे; म्हणजे दीड वर्षाच्या मुलात जे दिसू लागते त्याची मांडणी जन्मापूर्वीच झालेली असते. जनुकनियमनाच्या ज्ञानाने औषध देण्याआधी आईला निर्दोष ठरवले, ही त्याची लहान कामगिरी नव्हे. पालकांच्या हतबलतेचा व्यापारही होतो. स्वमग्नतेवर मूलपेशींचे उपचार विकणारी केंद्रे महाराष्ट्रातही चालली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाला असे उपचार करू नयेत हे सांगावे लागले.

कायद्याने या दोन आजारांना एकाच पंक्तीत बसवले. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यातील सात प्रकारांत दोन्हींना जागा नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि सिकलसेल दोन्ही आले. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीतही दोन्ही आहेत, त्यामुळे अंगणवाडीत येणारे पथक एकाच मुलाबाबत दोन्ही प्रश्न विचारू शकते.

नागपुरात या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करण्यास व्यावहारिक कारणही आहे. सिकलसेलमुळे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी विदर्भात जेवढी सवयीची आहे तेवढी देशाच्या फार थोड्या भागांत असेल. या तपासणीच्या कागदावर गर्भकालीन हिमोग्लोबिनचा रकाना असतोच. सिकलसेल, थॅलेसेमिया, हायड्रॉक्सियुरियाचा वापर यांपैकी काहीही नसताना, दोन वर्षांवरील आणि बोलणे उशिरा आलेल्या मुलाच्या कागदावर तो आकडा अनपेक्षितपणे मोठा दिसला, तर बीसीएल११एची जनुकीय तपासणी करण्याचे ते पुरेसे कारण ठरते. असे मूल दुर्मीळच असेल. परंतु तो रकाना वाचण्याची सवय मेडिकलपासून मिहानपर्यंतच्या डॉक्टरांना आधीपासून आहे, आणि बालविकास केंद्रात आलेल्या मुलाच्या फाइलमध्ये तो कागद जोडून पाहण्यासाठी नव्या यंत्राची गरज नाही.